जुनी पिकअप खळ्यातच उघडायची तर आधी काय, मग काय

आपल्याकडे जुनी पिकअप घेतली की पोरं पहिला खर्च कशावर करतात तर मागच्या फाळक्यावर नाव रंगवायला, मग एलईडी पट्टी, मग तो सात सुरांचा हॉर्न, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं विचारलं तर म्हणे ते बदलायचं पण असतं का भो. मी पण असाच होतो, म्हणून बोलतोय. माझी २००८ ची डिझेल पिकअप आहे, २५२३ सीसीवाली साधी डीआय, म्हणजे जुन्या पद्धतीचं डायरेक्ट इंजेक्शन, सेन्सर-बिन्सर काही नाही, उन्हाळ्यात कलिंगड, बाकी वर्षभर केळी आणि कपाशी, आणि गेली सहा-सात वर्षं तिचं निम्मं काम मी खळ्यातच लिंबाखाली करतो. माझा क्रम ठरलाय: गाडी आधी थांबली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग रात्री दिसलं पाहिजे, आणि सजावट एकदम शेवटी, पैसे उरले तर.

सामान जास्त लागत नाही. १० पासून १९ पर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने, एक गोटी सेट, पक्कड, हातोडी, ग्रीस गन, आणि दोन-तीनशेवाला मल्टीमीटर. मल्टीमीटर घ्याच, त्याच्याशिवाय वायरिंग म्हणजे अंधारात म्हैस शोधणं. आणि दोन घोड्या, म्हणजे गाडी उचलून ठेवायचे लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही, आणि विटा तर मुळीच नाही, वीट भरवशाची वाटते आणि एकदम चुरा होते. घोडी नसेल तर लाकडाचे जाड ओंडके आडवे-उभे रचा, पुढच्या चाकांना दगड लावा, मग खाली जा.

ब्रेक

मागे ड्रम असतात, ते उघडले की आत बघायचं शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारी पट्टी, किती उरलाय आणि व्हील सिलिंडरच्या, म्हणजे शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या, रबरी टोपीखाली ओलं आहे का. टोपी जरा उचलून बघा, खालून ऑइल आलं तर सिलिंडर गेला, किट (आतल्या रबरांचा संच) टाका नाहीतर नवा बसवा, नुसतं पुसून परत लावू नका. शूवर ऑइल लागलं असेल तर तो शू पण फेका, पेट्रोलने धुतला तरी त्याची पकड पहिल्यासारखी येत नाही. ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसा, ती छातीत गेलेली वाईट.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. वर्षानुवर्षं तेच ऑइल असलं की त्यात पाणी साचतं, घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. माझं असं चांदसैली घाट उतरताना झालं, पेडल एकदम लोण्यासारखं, दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी कशीबशी कडेला घेतली, गाडीत नाना बसलेले, ते खाली उतरून पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग फक्त म्हणे, "मी सांगस तुले, पहिले ब्रेक दखाड." तेव्हापासून दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलतो. ऑइल डॉट ३ दर्जाचं घ्यायचं की डॉट ४, ते मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलने दबणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या, डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घ्या. आणि इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल चुकून पण टाकू नका, सगळी रबरं फुगतात, एका चुकीत सगळी किटं बदलावी लागतात.

ऑइल बदललं की ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरकडचं. चाकामागच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवा. एक जण पेडल तीन-चारदा मारून दाबून धरेल, तुम्ही निपल अर्धा आटा सैल करा, बुडबुडे आले की परत घट्ट करा, आणि मगच त्याने पाय उचलायचा. हा पाय उचलायचा भाग घरच्या पोराला नीट समजावून सांगा, कारण त्याने आधी उचलला तर हवा परत आत आणि तुम्ही दुपारपर्यंत तिथेच. मधे मधे मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं ऑइल बघत राहा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

गरम होणं, म्हणजे आपल्याकडचा खरा रोग

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात मागे लोड, त्यात एसटीच्या मागे फर्स्ट-सेकंडमध्ये रांगणं. सुई लालकडे गेली की आपल्याकडचा प्रत्येक माणूस एकच सल्ला देतो, थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून फेक. मी पण काढला होता. उन्हाळा कसाबसा गेला, थंडीत इंजिन तापायलाच तयार नाही, धूर मारायची आणि डिझेल जास्त प्यायची. आणि काही इंजिनांत तर वॉल्व्ह काढला की बायपासची वाट उघडीच राहते, पाण्यातला काही भाग रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतो, म्हणजे लोडवर उलट जास्तच गरम. वॉल्व्ह काढण्याआधी तपासा ना. पातेल्यात पाणी घ्या, वॉल्व्ह दोऱ्याने लटकवून चुलीवर ठेवा (घरातलं चहाचं पातेलं घेऊ नका, शिव्या मी खाल्ल्यात). बहुतेक वॉल्व्ह ८२ डिग्रीच्या आसपास उघडायला लागतात, म्हणजे पाणी उकळायच्या बरंच आधी. पाणी खळाखळा उकळलं तरी उघडला नाही तर तो गेला, नवा टाका. नवा काही महाग नसतो.

मग रेडिएटर. बाहेरच्या जाळीत कपाशीचा कापूस, किडे, चिखल असं बसलेलं असतं की टॉर्च मारली तर पलीकडे उजेडच दिसत नाही. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं, समोरून नाही, समोरून मारलं की घाण अजून आत ठासते. आणि वॉशिंग सेंटरवाल्या जोरदार पंपाने जवळून मारलं की पातळ पत्र्या आडव्या होतात, मग हवाच जात नाही. साध्या नळाच्या पाइपने, हळूहळू, संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर.

आतली गोष्ट वेगळी. आपण सगळे बोअरचं पाणी टाकतो. तुमच्या ठिबकच्या नळीत आणि घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा क्षार बसतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो, आणि माझा रेडिएटर खोलला तेव्हा वरच्या टाकीतून मूठभर पांढरी खरपुडी निघाली, मी ती वर्तमानपत्रावर ठेवून नानांना दाखवली तर म्हणे बुवा हे तर आपल्या विहिरीचंच. रेडिएटरवाल्याकडून नळ्यांत सळई मारून घ्या, आणि नंतर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवाल्याकडे कॅन मिळतो. कूलंट फक्त थंडीत गोठू नये म्हणून असतं हे खरं नाही, ते गंज पण थांबवतं आणि पाणी उशिरा उकळतं.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी बघतच नाही. त्यावर ०.९ लिहिलेलं असेल तर ते आत तेवढा बार दाब धरतं, आणि त्या दाबाला साधं पाणी पण ११८ डिग्रीपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब राहत नाही, पाणी १०० लाच उकळतं आणि आपण म्हणतो इंजिन गेलं. झाकण बदला, आणि गरम असताना कधीच उघडू नका, अर्धा तास थांबा, गाडी तापली म्हणून घाईने उघडून हात भाजलेले लोक प्रत्येक गावात दोन तरी आहेत.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघा, साधारण एक बोट दबला पाहिजे, त्याहून ढिला असेल तर पाण्याच्या पंपाला आणि पंख्याला फिरवताना घसरतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं तुटून फेकून दिलं असेल तर जुन्या बाजारातून आणून बसवा, ते नसलं की पंखा इंजिनकडचीच गरम हवा फिरवत बसतो. हे सगळं करूनही तापते, तर सकाळी थंड इंजिनवर झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले किंवा ऑइलच्या कांडीवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, गेलं. ते खळ्यातलं काम नाही, मिस्त्रीकडे न्या.

डिझेलने हवा धरली

फिल्टर बदलला, टाकी कोरडी झाली, किंवा नळी चिरली की गाडी चालू होत नाही. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा, आधी फेस येईल, मग नुसतं डिझेल, तेव्हा पंप मारता मारताच स्क्रू घट्ट करा. तरी नाही झाली तर इंजेक्टरला (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाला) येणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून जरासे सैल करून स्टार्टर मारतात, पण हे फक्त जुन्या साध्या पंपवाल्या गाडीला. कॉमन रेल, म्हणजे नवी सेन्सरवाली डिझेल सिस्टीम, असेल तर तिथे पाना पण लावू नका, त्या नळीत हजाराच्या वर बार दाब असतो, बारीक फवारा कातडीतून आत शिरतो आणि बोट कापायची वेळ येते.

लाइट

हेडलाइट पिवळा, मंद, आणि लोक काय करतात तर १०० वॅटचा बल्ब टाकतात, मग होल्डर वितळतो. आधी मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट पाहिजे. आता तोच मीटर लाइट चालू ठेवून बल्बच्या पिनवर लावा. माझ्याकडे ११ च्या खाली आला होता, बाकीचे तीन व्होल्ट जुनी वायर, जुना स्विच आणि गंजलेला अर्थ यांनी खाल्ले.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटवर चालून बॅटरीचा जास्त करंट बल्बला सोडणाऱ्या स्विचचा. चार पिनचा साधा रिले, ३० नंबरला बॅटरीवरून २० अँपिअर फ्यूज घालून जाड वायर, ८७ वरून दोन्ही बल्बना, ८६ ला जुनी हेडलाइटची वायर, ८५ बॉडीला अर्थ. अप्परला एक, डिपरला एक, असे दोन रिले. वायर अडीच एमएमची तांब्याची घ्या. फ्यूज बॅटरीच्या जवळच पाहिजे, लांब लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाली की त्या फ्यूजचा काही उपयोग नाही. आणि अर्थचा बोल्ट खोलून पत्रा पांढरा होईपर्यंत घासा, नुसतं एवढ्यावरच निम्मा फरक पडतो. कंपनीचाच ६०/५५ वॅटचा बल्ब मग असा पडतो की बघतच राहाल.

पाटे आणि बॉडी

आता मॉडिफिकेशन म्हटलं की आपल्याकडे पाटे, म्हणजे सस्पेन्शनच्या लोखंडी पट्ट्या, वाढवणं. एक जाड पाटा टाकला की गाडी बसत नाही, म्हणून लोड वाढवतात. पण पाटा वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत, ॲक्सल वाढत नाही, चेसिस तर तीच, आणि मोकळी गाडी चालवताना कंबर जाते ती वेगळी. मी फक्त तुटलेले पाटे बदलले, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश नवे घातले, बस. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मात्र बघा, तो तुटला की ॲक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, मागून येणाऱ्याला आधी कळतं.

मागचा तळ केळीच्या चिकाने आणि पाण्याने सडतो. सडलेला पत्रा ग्राइंडरने चांगल्या पत्र्यापर्यंत कापा, वरून नवा ठिगळ मारू नका, आत गंज चालूच राहतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह आणि ऑल्टरनेटरच्या वायरी काढा. मग रेड ऑक्साईडचे दोन हात, वर रंग, आणि कोपऱ्यात पाणी जायला भोकं. लोक ३ एमएमचा चेकर (उठावाच्या नक्षीचा) पत्रा पूर्ण तळाला टाकतात, पण हिशोब करा, साधा ३ एमएम पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो, चेकर त्याहून थोडा जास्त, तळ सव्वाचार चौरस मीटर धरला तर शंभर किलोच्या वर वजन नुसतं पत्र्याचं. तेवढी केळी कमी. मी जिथे चाकांवर मार बसतो तिथेच जाड टाकला, बाकी २ एमएम. केबिनचं छप्पर पांढरं रंगवलं आणि आतून फोमची शीट चिकटवली, दुपारी दोनला बसता येतं एवढा फरक आहे, पण रंगाचं एक लक्षात ठेवा, पूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओत नोंद लागते.

बॉडीची लांबी, उंची, इंजिन, इंधन यातलं काहीही आरसी बुकाच्या बाहेर गेलं की भानगड. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून असा परवानगी नसलेला प्रत्येक बदल मालकाच्या अंगावर येतो, बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी असतेच, तिथे सात सुरांचा हॉर्न आणि रंगीबेरंगी पट्ट्या काढूनच जावं लागतं, मग लावायच्या कशाला. रिफ्लेक्टर टेप मात्र भरपूर लावा, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. उसाच्या ट्रॉल्या आणि बिनलाइटच्या बैलगाड्यांमध्ये रात्री चालायचं असतं आपल्याला.

सगळं झाल्यावर लगेच भरून बाजारात नेऊ नका. अर्धं लोड टाका, वीसेक किलोमीटर जाऊन या, गाडी उभी करून पाट्यांचे यू बोल्ट आणि चाकांचे नट परत एकदा ओढा, पहिल्या फेरीत ते हमखास ढिले होतात. मग चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, आधी लांबून. एकच ड्रम हात लावू देत नसेल आणि बाकीचे कोमट असतील तर त्या चाकाचा शू धरून राहिलाय, ॲडजस्टर एक-दोन दाते मागे घ्या, परत एक चक्कर मारा, मग केळी भरा.