फ्रीमेसन लॉजची वर्गणी भरायची की नाही, हे कसं ठरवावं

बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या फ्रीमेसन लॉजचं, म्हणजे फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेचं, खजिनदारपद माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून लोकांचे फोन सुरू झाले. गुप्त खुणा, शपथा यांबद्दल कुणी विचारत नाही. पुणेकर थेट मुद्द्यावर येतो: "काका, एवढे पैसे भरून मिळतं काय?"

प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी "एवढे" म्हणजे किती ते नीट मांडा. प्रवेशशुल्क एकदाच द्यायचं, वर्गणी दरवर्षी. लोक एवढंच धरतात. सभेनंतरचं जेवण काही लॉज वर्गणीत धरतात, काही दर वेळी वेगळं घेतात. हे आधी विचारून घ्या. गडद सूट, पांढरे हातमोजे आणि विधीचा एप्रन लागतो. सभासद तीन पायऱ्या, म्हणजे पदव्या, चढतो; तिसऱ्या पदवीपर्यंत एप्रन बदलत जातो, म्हणून तो विकत घ्यायचा की लॉजकडचा वापरायचा हेही विचारा. सभेत धर्मादाय पेटी फिरते. तिच्यात किती टाकायचं याचं बंधन नाही, पण शेजारच्याने पाचशेची नोट टाकल्यावर आपला हात दहाच्या नोटेकडे जात नाही, हे मी पाहत आलोय. वर्षातून एकदा नवे मास्टर, म्हणजे लॉजचे प्रमुख, पदावर बसतात, त्या संध्याकाळचा खर्च आणखी वेगळा.

आता भागाकार. समजा, सगळं मिळून वर्षाला १८,००० रुपये होतात आणि सुट्टीचे महिने सोडून ९ सभा असतात. सगळ्या गाठल्यात तर एक संध्याकाळ २,००० रुपयांना पडली. फिरतीची नोकरी, मुलीची दहावी आणि ट्रॅफिक यांतून ३ सभाच जमल्या, तर तीच ६,०००ला. त्यामुळे वर्गणी जास्त की कमी, हे लॉजच्या दरपत्रकावर कमी आणि तुमच्या कॅलेंडरवर जास्त ठरतं. सभेचा वार बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. तो वार घरी सांगा आणि समोरचा चेहरा बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

मग सचिवांना भेटून मागच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब मागा. प्रवेशाआधी हातात देतीलच असं नाही, पण कुठे किती जातं ते तोंडी सांगायला हरकत नसावी. वर्गणीतला एक वाटा ग्रँड लॉजकडे, म्हणजे लॉजच्या वरच्या मध्यवर्ती संस्थेकडे, जातो. २४ नोव्हेंबर १९६१ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा देशातल्या काही लॉजनी आपल्या जुन्या इंग्लिश, स्कॉटिश किंवा आयरिश छत्राखालीच राहायचं ठरवलं. त्या आजही तशाच आहेत. म्हणून एकाच हॉलमध्ये भरणाऱ्या दोन लॉजची वर्गणी वेगळी असू शकते: एकीचा वाटा भारतातच राहतो, दुसरीचा लंडनला किंवा एडिनबराला जातो. उरलेल्यातून हॉलचं भाडं, छपाई आणि जेवण.

माझी नजर मात्र आधी थकबाकीवर जाते. पटावर पन्नास नावं, पैसे भरणारे वीस आणि सभेला बारा, असं असेल तर ते लॉज त्या बारांच्या खिशावर चाललंय. तुम्ही तेरावे व्हाल आणि वर्षभरात एखादं पदही गळ्यात पडेल. हौस असेल तर जरूर जा.

आता "मिळतं काय". आजारपणात पैसे मिळतील असं वाटत असेल तर थांबा. इंग्लंडमधल्या ऑडफेलोजसारख्या संस्थांत एके काळी वर्गणीच्या बदल्यात आजारपणाचा भत्ता आणि अंत्यविधीचा खर्च हक्काने मिळायचा. १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्याने तिथे सरकारी विमाच अशा संस्थांमार्फत चालवला. फ्रीमेसनरी त्यातली नाही. अडचणीतल्या सभासदाला मदत होते, पण ती लॉजच्या मर्जीने, हक्काने नाही. वर्गणीवर देणगीसारखी प्राप्तिकराची सवलतही मिळत नाही. लॉजच्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेल्या देणगीवर मिळू शकते, तीही जुनी करप्रणाली घेतली असेल तरच.

धंद्याच्या ओळखीसाठी येणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो. आर्थिक लाभाच्या हेतूने आलो नाही, असं प्रवेशाच्या वेळी तुम्हाला सांगावं लागतं. तिथेच खोटं बोलून आत कशाला यायचं? नास्तिकांनीही पैसे वाचवावेत, कारण ईश्वरावर श्रद्धा ही अट आहे. कोणत्या ईश्वरावर, ते कुणी विचारत नाही. आणि ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉजमध्ये बायकांना प्रवेश नाही. माझी सौ. याला "सोयीस्कर बंधुभाव" म्हणते, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.

मला स्वतःला पैसे वसूल वाटतात ते एका कारणासाठी. माणकजी करसेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थांना तिथल्या युरोपियनांच्या लॉजने दार उघडलं नाही, ते पॅरिसमध्ये मेसन (फ्रीमेसन) झाले. पुढे १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश मेसननी मुंबईत रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे लॉज भारतीयांसाठी काढलं. आज माझ्या टेबलावर एक पारशी वकील, एक बोहरी व्यापारी आणि एक निवृत्त सुभेदार असतात. लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायला बंदी आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असलेल्या माणसाला अशा संध्याकाळचे दोन हजार जड वाटू नयेत. तुम्हाला जड वाटले तर आमच्या लॉजमध्ये येऊ नका, राग नाही.

आत आलात आणि नाही जमलं, तर गुपचूप पैसे भरणं बंद करू नका. थकबाकीपोटी नाव कमी झालं की दुसऱ्या लॉजमध्ये जाताना ते आडवं येतं. बाकी चुकती करा, सचिवांना लेखी राजीनामा द्या आणि देणं नसल्याचा दाखला मागून घ्या. हे नवं मेसॉनिक वर्ष सुरू होण्याआधी उरका, नाहीतर पुढच्या वर्गणीची मागणी माझ्याच सहीने येईल.