आधी घरातलं दूध बघा, मग कॉफीचं भांडं निवडा

लग्नातल्यासारखी कॉफी घरी मिळावी म्हणून एस्प्रेसो मशीन घ्यायला निघालेली दोन-तीन घरं तरी मला गेल्या वर्षभरात जळगावात भेटली. त्यांना मी आधी हेच सांगते की मांडवात फुस्सफुस्स आवाज करत मिळते ती एस्प्रेसो नव्हे. ती इन्स्टंट कॉफी, दूध आणि साखर. वाफ सोडून त्यावर फेस आणलेला असतो आणि वर चिमूटभर कोको भुरभुरलेला. ती चव हवी असेल तर इन्स्टंट कॉफी आणि साखर चमचाभर पाण्यात पांढरट होईस्तोवर फेटा, वरून कढत दूध उंचावरून ओता. मशीन लागत नाही. खरी एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून ९ बारच्या आसपास दाबानं अर्ध्या मिनिटात काढलेला दोन घोट अर्क. तो घरात कोण पिणार आहे, हे आधी ठरवा.

यंत्राच्याही आधी दूध बघा. आमच्याकडे गवळी म्हशीचं दूध घालतो, साय जाड येते. अशा दुधात पातळ कॉफी हरवून जाते. माझी लेक बंगळुरूला नोकरीला लागली, सुटीत घरी आली की तिला कॉफी लागायची, म्हणून मी विजेवरचं ड्रिप मशीन आणलं. कागदी गाळणीतून थेंबथेंब कॉफी पडायची, वास घरभर. पण दूध घातल्यावर सासूबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हाई ते पानी शे," म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. ड्रिप मशीन काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी असतं. घरात दोघं-तिघं बिनदुधाची मोठा मग भरून पीत असतील तर जरूर घ्या, चांगली होते. फक्त खालच्या गरम तव्यावर तासभर ठेवू नका, कडवट होते. थर्मासमध्ये काढा.

त्या मशीनचं पुढं काय झालं तेही सांगते, कारण ते आपल्या भागात कुणाचंही होईल. नळाला पाणी नसेल त्या दिवशी मी बोअरचं पाणी घालायची. आमचं बोअर जड पाण्याचं, पातेल्याला पांढरा थर धरतो. तोच थर मशीनच्या आतल्या नळीत बसला. आधी कॉफी उतरायला वेळ लागू लागला, मग मशीन नुसतं गुरगुरायचं. दुकानदारानं क्षार साचल्याचं सांगितलं आणि हात वर केले. तुमच्या चहाच्या भांड्याला पांढरा थर धरत असेल तर विजेच्या कुठल्याही कॉफी मशीनमध्ये गाळलेलं, कमी क्षाराचं पाणीच घाला. शिवाय महिन्या-दीड महिन्यानं अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून ते मशीनमधून काढा, मग दोनदा साधं पाणी. एवढं होणार नसेल तर मशीन घेऊच नका.

विजेचंही तसंच. एस्प्रेसो मशीन हजार वॉटच्या पुढे सहज जातं. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ते चालत नाही, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की वीज कधी जाईल सांगता येत नाही. खोक्यावर १५ बार, २० बार लिहिलेलं असतं. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब असतो, आकडा मोठा म्हणून कॉफी चांगली होत नाही. पंप नसलेली, नुसत्या वाफेवर चालणारी स्वस्त मशीन्स तर ४ बारच्या आसपासच राहतात.

मग दुधाची कॉफी पिणाऱ्या घरानं काय घ्यावं? स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर, म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. माझं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं, शेजारी तमिळ मामी होत्या. त्या रात्रीच फिल्टर भरून ठेवायच्या, सकाळी वडील ड्यूटीवर निघायच्या आत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार. वीज नको, कागद नको, बिघडायला काही नाही. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घाला, दांडीची चकती हलकेच ठेवा. दाबून बसवलीत तर थेंब उतरणारच नाही. उकळी आलेलं पाणी अर्धा मिनिट थांबवून वाटीभर ओता, झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांत अर्क खाली उतरतो. दोन-तीन चमचे अर्क कपात घेऊन वर कढत दूध घाला. अर्क मात्र पुन्हा उकळू नका. सासूबाई आता हीच पितात, वर जायफळ किसून.

घेताना दुकानात वरचं भांडं उजेडासमोर धरा. भोकं बारीक आणि सारखी दिसली पाहिजेत. पितळी फिल्टर देखणा असतो, पण आतून कल्हई आहे का ते बघा. आणि खोक्यावरचे "कप" आपले कप नव्हेत, चार माणसांना एक आकार मोठाच घ्या.

घाई असेल, डिकॉक्शनची वाट बघवत नसेल तर मोका पॉट. १९३३ साली इटलीत निघालेलं हे अ‍ॅल्युमिनियमचं भांडं गॅसवर पाच-सात मिनिटांत कडक कॉफी देतं, म्हशीच्या दुधालाही पुरून उरते. तीन कपांच्या भांड्यात आपला एक मोठा कप किंवा दुधाचे दोन होतात. त्यात अर्धीच पूड घालून नीट कॉफी होत नाही, म्हणून रोज लागतं त्याच मापाचं घ्या. पाणी वाफेच्या झडपेच्या खालीच ठेवायचं, पूड दाबायची नाही. छोटं भांडं आपल्या शेगडीच्या जाळीवरून घसरतं, त्यासाठी वर ठेवायची लहान जाळी मिळते. इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं चालत नाही, त्यावर चालणारं स्टीलचं बघा. आणि रबरी वायसर वेगळा मिळतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. वर्षा-दोन वर्षांनी तो बदलावाच लागतो.

फ्रेंच प्रेस, म्हणजे कॉफी पाण्यात भिजवून जाळीच्या दट्ट्यानं खाली दाबायचं भांडं, मी सुचवत नाही. त्याला जाडसर दळलेली कॉफी लागते. फिल्टरची बारीक पूड त्यात घातली की कपात गाळ येतो. कॅप्सूलची, म्हणजे एका कपापुरती पूड भरलेल्या बंद डब्यांवर चालणारी, मशीन्स सोपी असतात, पण कॅप्सूल संपल्या की पुढचं पार्सल येईस्तोवर थांबा.

पूड दोनशे ग्रॅमच आणा. आपल्या उन्हाळ्यात उघड्या पुडीचा वास दोन आठवड्यांत उडतो, हवाबंद डबा गॅसपासून लांब ठेवा. पाकिटावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती, हे छापलेलं असतं. म्हशीच्या दुधाला मी ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी घेते. चिकोरीनं अर्क दाट होतो. नव्या फिल्टरमधून पहिल्या दोन खेपांना जुनी पूड घालून अर्क काढा आणि टाकून द्या, धातूचा वास जातो. तिसऱ्या खेपेपासून प्या.