पोस्टग्रेस कुठे जास्त पळतं हे मोजायचं? आधी डिस्क खरं बोलते का ते बघा

सप्टेंबर उजाडला, पोस्टग्रेस या डेटाबेसची नवी आवृत्ती आली की ऑफिसात हमखास विचारणा होते: नवीवर गेलो तर किती फरक पडेल, आणि जाताजाता एक्सटी४ ही फाइलसिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) सोडून झेडएफएस घ्यायची का? मग कुणीतरी कुणाच्या तरी लॅपटॉपवरचा आलेख पुढे करतं. तो बाजूला ठेवा आणि स्वतःच्या मशीनवर मोजा. दोन-तीन दिवस जातील. सर्व्हर उभा करता येतो, पीजीबेंच हे वेगचाचणीचं साधन निदान एकदा चालवून पाहिलंय, असं धरून चालतो.

१. एका वेळी एकच गोष्ट बदला. आवृत्ती बदलाल तेव्हा ओएस आणि फाइलसिस्टीम तीच. मशीन तेच, डिस्कवरचं पार्टिशनही तेच. फिरत्या डिस्कचा बाहेरचा भाग आतल्या भागापेक्षा वेगाने वाचला जातो. एक्सएफएसला डिस्कची सुरुवात आणि एक्सटी४ला शेपूट दिलंत, तर निकाल शर्यतीआधीच लागलेला असतो.

२. सेटिंग्ज हाताने सारखी करा. ‘दोन्हीकडे डिफॉल्टच होतं’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. डिफॉल्ट आवृत्तीगणिक बदलतात. १२ मध्ये जेआयटी (क्वेरी चालताना तिचा मशीन कोड बनवणं) आपोआप चालू झालं. १४ मध्ये चेकपॉइंट कंप्लीशन टार्गेट ०.५ वरून ०.९ झालं (चेकपॉइंट म्हणजे मेमरीतले बदल ठरावीक वेळाने डिस्कवर उतरवणं). १८ मध्ये इनिटडीबी (नवा डेटाबेस मांडणारी आज्ञा) डेटा चेकसम, म्हणजे बिघाड ओळखायचे पडताळणी-आकडे, न विचारता चालू करतं, १७ मध्ये ते मागावे लागतात. लिनक्स विरुद्ध फ्रीबीएसडी असेल तर लोकेल (भाषेचं सेटिंग) ‘सी’ ठेवा, नाहीतर दोघांची अक्षरं लावायची रीत वेगळी आणि सॉर्टिंगचा वेळही वेगळा.

३. लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचतंय का, हे तपासा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. दोन व्हर्च्युअल मशीन होती, एकावर एक्सटी४, दुसऱ्यावर बीटीआरएफएस. बीटीआरएफएस कितीतरी पटींनी पुढे! मी रंगीत आलेख काढून मीटिंगमध्ये मांडले. मागे बसलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एवढंच विचारलं, “एका कमिटला किती वेळ लागतोय रे?” कमिट म्हणजे बदल पक्का करून डिस्कवर नोंदवणं. मी आकडा सांगितला. एक मिलिसेकंदसुद्धा नव्हता. खाली डिस्क होती ७२०० आरपीएमची. ती मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या मारते, एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. एकच क्लायंट एकामागून एक कमिट करत असेल, तर सेकंदाला साधारण १२० च्या वर जाणं तिला जमणारच नाही. शोधल्यावर कळलं, बीटीआरएफएसवाल्या मशीनच्या डिस्कला क्यूईएमयूमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) ‘अनसेफ’ कॅश मोड लावलेला होता. इन्स्टॉल लवकर व्हावं म्हणून कुणीतरी लावला आणि काढायला विसरला. त्या मोडमध्ये आतून आलेली फ्लशची (डेटा डिस्कवर उतरवायची) विनंती गिळून टाकली जाते. म्हणजे मी इतके दिवस रॅमचा वेग मोजत होतो.

तेव्हापासून माझा नियम: आधी पीजी टेस्ट एफसिंक, मग बाकी सगळं. एफसिंक म्हणजे ‘हे आत्ताच डिस्कवर लिही’ हा हुकूम. तो सेकंदाला किती वेळा पुरा होतो ते मोजणारं हे साधन पोस्टग्रेससोबतच येतं. मात्र ते डेटा डिरेक्टरी ज्या फाइलसिस्टीमवर आहे तिथेच चालवा. होम फोल्डरमध्ये बसून चालवलंत तर भलत्याच फाइलसिस्टीमचं मोजमाप हातात येतं, आणि ही चूक सर्रास होते. साध्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला हजारो एफसिंक दिसले, तर मध्ये कुणीतरी थाप मारतंय. बॅटरी असलेलं रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारं) कार्ड किंवा वीज गेल्यावर डेटा वाचवणारी सर्व्हरची एसएसडी असेल तर हजारो आकडे रास्त आहेत. पण तसं आहे हे तुम्हाला माहीत हवं, अंदाज नको.

थाप कुठे कुठे लपते? झेडएफएसवर ‘सिंक’ हा गुणधर्म ‘डिसेबल्ड’ केलेला असतो. एक्सटी४ ‘नोबॅरियर’ देऊन माउंट केलेलं असतं. पोस्टग्रेसमध्येच एफसिंक किंवा सिंक्रोनस कमिट बंद असतं. मॅकवर तर डिफॉल्ट पद्धत ड्राइव्हचा स्वतःचा कॅश रिकामा करतच नाही, तिथे वॉल (पोस्टग्रेसची बदलांची नोंदवही) सिंक मेथड ‘एफसिंक राइटथ्रू’ करावी लागते. लॅपटॉपवरच्या आलेखांवर माझा राग आहे तो यामुळे.

झेडएफएसवर फुल पेज राइट्स (बदललेलं पान नोंदवहीत अख्खं लिहिणं) बंद करणं मला चालतं. तिथे जुन्या ब्लॉकवर लिहिलंच जात नाही, त्यामुळे पान अर्धवट लिहिलं जाण्याचा धोका नाही. पण निकालात तसं स्पष्ट लिहा. रेकॉर्डसाइजही (झेडएफएसच्या ब्लॉकचा आकार) लिहा: डिफॉल्ट १२८ केबी आणि पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, एवढ्या तफावतीने चित्र पालटू शकतं.

४. आता पीजीबेंच. ते बँकेच्या खात्या-शाखांचा नकली डेटा बनवतं आणि स्केल हा त्याचा आकार. स्केल १ म्हणजे एक लाख खाती, अंदाजे १५ एमबी. दोन आकार घ्या: एक रॅममध्ये आरामात मावणारा, दुसरा रॅमच्या दुप्पट. स्केल क्लायंटच्या संख्येपेक्षा कमी नको, नाहीतर सगळे मोजक्या शाखांच्या ओळींवर कुलपासाठी रांग लावतात आणि तुम्ही ती रांग मोजता. एका मिनिटाची चाचणी मला दाखवू नका. चेकपॉइंट डिफॉल्टने पाच मिनिटांनी येतो. तो न बघताच घड्याळ थांबवलंत तर काय मोजलंत? शिवाय साधी एसएसडी स्वतःचा कॅश भरेपर्यंतच वाघ असते. निदान अर्धा तास चालवा, दर दहा सेकंदांनी प्रगती छापून घ्या.

५. प्रत्येक फेरीआधी डेटा नव्याने भरा, मशीन रीबूट करा, सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा.

६. निकाल वाचताना तीन फेऱ्यांमधला मधला आकडा घ्या. त्याच सेटिंगच्या तीन फेऱ्या आपसातच चार टक्क्यांनी हलत असतील, तर दोन आवृत्त्यांमधल्या तीन टक्क्यांच्या फरकावर मीटिंग बोलावू नका. सरासरी टीपीएस (सेकंदाला किती व्यवहार) सगळ्यात शेवटी बघा. आधी दहा-दहा सेकंदांच्या ओळी उघडा आणि चेकपॉइंट चालू असताना टीपीएस किती कोसळतो, लेटन्सी (एका व्यवहाराला लागणारा वेळ) कुठवर चढते ते पेन्सिलने खुणा करत वाचा.