क्यूला एक्स्टेन्शन घेताना

टेबलावरच्या पूल या खेळातल्या काठीची, म्हणजे क्यूची, लांबी वाढवणारा जोड म्हणजे एक्स्टेन्शन. त्याची लांबी ठरवण्याआधी क्यूची मागची बाजू बघा. बुटाला, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाला, टोकाशी रबरी बंपर असतो. तो काढल्यावर आत आटे दिसले, तर एक्स्टेन्शन तिथेच फिरवून बसतं. मात्र आटे कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे आपल्याच क्यूच्या मॉडेलसाठीचं घ्या. जबरदस्तीने फिरवलं तर आटे गेलेच म्हणून समजा. आटेच नसतील, तर बुटावर सरकवून बसवायचं मिळतं. ते बसवून क्यू हलवून बघा. जरा जरी खुळखुळलं, तरी नको.

पूल क्यू साधारण ५८ इंचांचा असतो. त्याला ६ ते ८ इंच बहुतेक वेळा पुरतात. १२ इंची घेतलं की हात लांब पोचतो खरा, पण वजन मागे जातं आणि पुढचं टोक हलकं वाटू लागतं. म्हणून लांब हवं असेल तर कार्बन फायबरचं किंवा पोकळ अ‍ॅल्युमिनियमचं बघा. बूट आणि शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) यांच्या मध्ये बसणारंही एक्स्टेन्शन मिळतं. त्यात तोल कमी बिघडतो, पण जॉइंट तंतोतंत जुळावा लागतो.

आणि हो, शॉट मारताना एक पाय जमिनीला टेकलेला हवाच, नाहीतर फाउल. त्यामुळे बुटक्या खेळाडूंनी तर एक्स्टेन्शन क्यूच्या केसमध्ये कायम सोबत ठेवावं.