‘वयाचंच आहे’ असे सांगून डॉक्टरांनी परत पाठवले तर : पाळी जाण्यापूर्वीच्या त्रासावर योग्य उपचार कसे मिळवावेत

चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होऊ लागते, रात्री दरदरून घाम फुटून जाग येते, कारण नसताना छातीत धडधडते, रोजच्या बोलण्यातले शब्द ऐन वेळी आठवत नाहीत. ही गाऱ्हाणी घेऊन दवाखान्यात गेलेल्या स्त्रीला पुष्कळदा ‘वयाचंच आहे, मनावर घेऊ नका’ एवढे ऐकून आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन परतावे लागते. हे उत्तर बहुधा खोटे नसते, पण अपुरे असते. चष्मादेखील वयामुळेच लागतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कोणी नंबर न काढता परत येत नाही. त्रास वयामुळे आहे हे डॉक्टरांनी मान्य केले असेल, तर त्यावर उपाय कोणता, हा पुढचा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तो कसा विचारावा आणि उत्तर न मिळाल्यास काय करावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

१. आपण कोणत्या टप्प्यावर आहोत, हे आधी समजून घ्या

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. त्याआधीची काही वर्षे बीजकोशांचे काम अनियमित होते आणि इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे प्रमाण कधी खूप वर, तर कधी खूप खाली जाते. बहुतेक त्रास या चढउतारातून उद्भवतात. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत सात किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, तर हा काळ सुरू झाला असे मानतात, आणि साठ दिवस किंवा त्याहून अधिक काळ पाळी येईनाशी झाली की त्याचा उत्तरार्ध सुरू होतो. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील एक्कावन्नपेक्षा काही वर्षे अलीकडे आहे. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी ‘तुम्ही अजून लहान आहात’ असे कोणी सांगितले, तर ते मान्य करण्याचे कारण नाही.

गर्भाशय काढलेले असून बीजकोश शाबूत असतील, तर पाळीची खूण उरत नाही. अशा स्त्रीने घाम, झोप आणि मनःस्थिती यांवरूनच अंदाज बांधावा. बीजकोशही काढले असतील, तर रजोनिवृत्ती शस्त्रक्रियेबरोबरच झालेली असते आणि त्रास अधिक तीव्र असू शकतो.

२. ज्या लक्षणांना ‘वयाचं’ म्हणून सोडता येत नाही, ती वेगळी काढा

दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, आठ दिवसांपेक्षा जास्त अंगावर जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त दिसत असेल, किंवा वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाला असेल, तर तपासणी झालीच पाहिजे. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अशाच रक्तस्रावातून लवकर हाती लागू शकतो. घाम आणि धडधडीबरोबर छातीत दाब येत असेल किंवा दम लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा वेळी रजोनिवृत्तीचा विचार नंतर करावा. जगणे नको वाटण्यापर्यंत मन खचले असेल, तर घरच्यांना सांगावे आणि टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते हे लक्षात ठेवावे.

३. दोन-तीन महिन्यांची नोंद हाती असू द्या

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळीच्या तारखेला खूण करण्याची सवय अनेक घरांत असते. तिच्यातच थोडी भर घालावी : स्राव किती दिवस होता, दिवसाला किती पॅड लागले, गाठी पडल्या का, रात्री किती वेळा घामाने जाग आली, आणि त्या त्रासामुळे कोणते काम अडले. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ‘मला फार थकवा येतो’ हे वाक्य डॉक्टर दिवसातून अनेकदा ऐकतात. ‘गेल्या महिन्यात झोप न झाल्यामुळे चार दिवस रजा घ्यावी लागली’ हे वाक्य मात्र केस पेपरवर लिहिले जाते. सुरू असलेली सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक काढे आणि दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्याही, त्याच कागदावर उतरवाव्यात. आई किंवा बहिणीला स्तनाचा अथवा बीजकोशाचा कर्करोग झाला होता का, तुम्हाला अर्धशिशी, रक्तदाब किंवा पायात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास झाला आहे का, हेही लिहावे, कारण औषधाची निवड त्यावर ठरते.

४. पाच मिनिटांच्या भेटीची आखणी करा

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ थोडाच असतो, हे वास्तव धरूनच चालावे. सर्वांत जड तक्रार पहिल्या वाक्यात सांगावी. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळची वेदना किंवा शिंकताना लघवी सुटणे या गोष्टी अनेक जणी संकोचामुळे शेवटी, दाराकडे वळताना सांगतात आणि तोवर डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला हाक मारलेली असते. या तक्रारींवर सोपे उपचार उपलब्ध आहेत, म्हणून त्या कागदावर वरच्या ओळीतच लिहाव्यात. तोंडाने बोलणे जमत नसेल, तर कागद पुढे करावा.

बोलण्याचा नमुना असा ठेवता येईल : ‘डॉक्टर, माझे वय पंचेचाळीस आहे. गेले सहा महिने पाळी कधी तेवीस, तर कधी पन्नास दिवसांनी येते. रात्री तीन-चार वेळा घामाने जाग येते आणि दिवसा कामात लक्ष लागत नाही. हा पाळी जाण्याच्या आधीचा त्रास आहे का, आणि असेल तर त्यावर मला कोणकोणते उपचार घेता येतील?’ यावर ‘सगळ्यांनाच होतं’ असे उत्तर आले, तर वाद घालू नये. ‘हो, पण माझे काम अडते आहे; दुसरे काही कारण नाही ना, हे कोणत्या तपासणीने कळेल?’ असे शांतपणे विचारावे. तरीही नकार मिळाला, तर ‘मी हा त्रास सांगितला आणि तपासणीची गरज नाही असे आपले मत आहे, एवढे केस पेपरवर लिहून द्याल का?’ अशी विनंती करावी. आपले मत लिहायचे म्हटले की बहुतेक डॉक्टर प्रश्नाकडे पुन्हा एकदा पाहतात.

सोबत कोणाला नेणार असाल, तर घरीच त्यांना कागद वाचून दाखवावा. नवऱ्याला नेल्यास डॉक्टर त्याच्याकडे पाहून बोलू लागतात, हा अनेकींचा अनुभव आहे. अशा वेळी ‘त्रास मला होतो आहे, मला समजावून सांगा’ असे म्हणण्यात उद्धटपणा नाही.

५. तपासण्या मागा, पण नेमक्या मागा

थकवा, वजन वाढणे, अंगावर जास्त जाणे आणि उदासी ही लक्षणे थायरॉईड कमी पडल्यानेही दिसतात, म्हणून टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करावी. रक्तस्राव जास्त असल्यास हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही पाहावे, कारण शरीरातला लोहाचा साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसते. आपल्याकडे याची गरज अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. रक्तातील साखर, बी-१२ आणि गरज असल्यास सोनोग्राफी यांचाही विचार व्हावा. पाळी चुकली असेल तर गर्भधारणेची चाचणी करावी, मग वय पंचेचाळीस का असेना. शेवटची पाळी पन्नाशीआधी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन सुरू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

येथे एक नेहमीचा गोंधळ होतो. एफएसएच हा बीजकोशांना चालना देणारा हार्मोन तपासून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगितले जाते. या काळात एफएसएच एका महिन्यात वाढलेला, तर दुसऱ्या महिन्यात नेहमीसारखा असू शकतो, त्यामुळे एका नॉर्मल रिपोर्टने काहीच नाकारले जात नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना तर पंचेचाळिशी ओलांडलेल्या निरोगी स्त्रीत लक्षणांवरूनच निदान करावे, असे सांगतात. चाळिशीच्या आत पाळी जाऊ लागली असेल, तर मात्र ही तपासणी आवश्यक आहे आणि तेथे ‘वयाचंच आहे’ हे उत्तर मुळीच चालणार नाही.

६. उपचारांची नावे माहीत असू द्या

जास्त रक्तस्रावासाठी पाळीच्या दिवसांत घ्यायचे ट्रानेक्झॅमिक ॲसिड, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेले ऑर्मेलॉक्सिफेन आणि गर्भाशयात बसवायची, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हा हार्मोन सोडणारी तांबी (साधी कॉपर-टी नव्हे) असे पर्याय असतात. यांतील काहीही दुकानातून स्वतःहून आणू नये. गुठळीचा त्रास झालेल्यांना यांतील काही औषधे वर्ज्य असतात. योनीच्या कोरडेपणावर कमी मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम गुणकारी असते आणि त्यातले फारच थोडे औषध रक्तात जाते.

अंगातून निघणाऱ्या वाफा आणि रात्रीचा घाम यांवर सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे हार्मोन उपचार, म्हणजेच इस्ट्रोजेनची गोळी, जेल किंवा पट्टीने केलेली भरपाई. त्यांचे नाव काढताच काही डॉक्टर ‘कॅन्सर होतो’ म्हणून विषय संपवतात. या भीतीचे मूळ २००२ साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे; त्यातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, म्हणजे त्यांच्यापैकी बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. आज असे मानले जाते की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्यापूर्वी उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा लाभ अधिक होतो. धोका शून्य नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एकत्र घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते, आणि गोळीने रक्ताची गुठळी होण्याची शक्यता जेल किंवा पट्टीपेक्षा अधिक असते. गर्भाशय असलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन देत नाहीत, प्रोजेस्टेरॉनची जोड द्यावीच लागते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असल्यास, यकृताचा गंभीर विकार असल्यास किंवा रक्तस्रावाचे कारण न कळल्यास हे उपचार सहसा टाळतात. तेव्हा व्हेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे आणि वर्तनोपचार पद्धती यांचा आधार घेता येतो.

घरचे उपाय थोडक्यात सांगायचे तर सुती कपडे, हवेशीर खोली, गरम चहा किंवा तिखटाने वाफा वाढतात का याची परीक्षा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. त्यांचा उपयोग होतो, पण डॉक्टरांनी उपचार नाकारण्याची ती सबब ठरू नये.

७. ‘पिशवी काढून टाका’ असे सांगितल्यास थांबा

तक्रारीकडे दुर्लक्ष करण्याचा हा दुसरा, अधिक घातक प्रकार आहे, कारण यातही मूळ त्रासाचा शोध घेतलेला नसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर असे आले की पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला.

म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. शस्त्रक्रियेचे नेमके कारण कोणते. अस्तराचा तुकडा काढून तपासला का. औषधे आणि तांबी वापरून पाहिली का. आणि बीजकोश ठेवणार की काढणार. मोठ्या फायब्रॉइड गाठी असतील किंवा कर्करोग असेल, तर शस्त्रक्रिया योग्यच असू शकते. ‘आता तिचा उपयोग काय’ हे मात्र वैद्यकीय कारण नाही, आणि वाफा व घाम पिशवी काढल्याने थांबत नाहीत. बीजकोशही निघाले तर ते वाढतात.

८. दुसरे मत घ्या आणि कागद सोबत ठेवा

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा आणि आपले रिपोर्ट मिळवण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. पुरुष डॉक्टर तपासणी करत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हाही त्यातलाच एक हक्क. डॉक्टर बदलताना आधीच्या डॉक्टरांविषयी तक्रार सांगण्यात वेळ घालवू नये. नोंदीचा कागद आणि रिपोर्ट पुढे ठेवावेत. नव्या ठिकाणी जाण्यापूर्वी फोनवरच ‘रजोनिवृत्तीच्या त्रासावर आणि हार्मोन उपचारांवर येथे सल्ला मिळतो का’ असे विचारून घ्यावे. खासगी फी परवडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयाचा किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा स्त्रीरोग विभाग गाठावा. गाव दूर असल्यास ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेतून सुरुवात करता येते.

उपचार सुरू झाल्यावर सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा दाखवावे आणि त्या भेटीलाही नोंद न्यावी, म्हणजे मात्रा बदलायची की औषध, हे डॉक्टरांना ठरवता येते. हार्मोन सुरू केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत अधूनमधून रक्ताचे डाग दिसू शकतात. त्यानंतरही ते सुरू राहिले, किंवा मध्येच स्राव एकदम वाढला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जावे.