फायबर काँक्रीट वापरताय? मग या चुका टाळा

फायबर काँक्रीट म्हणजे स्टील, प्लास्टिक किंवा काचेचे छोटे धागे मिसळलेलं काँक्रीट. अठ्ठावीस दिवसांनी त्याचा क्यूब, म्हणजे चाचणीचा चौकोनी ठोकळा, दाबून फोडला जातो आणि ताकदीचा आकडा साध्या काँक्रीटइतकाच येतो. मग लगेच प्रश्न येतो, "फायबरचा एवढा खर्च करून मिळालं काय?"

उत्तर आकड्यात शोधू नका, क्यूब कसा फुटला ते पाहा. साधा क्यूब ठिकऱ्या होऊन पडतो. स्टील फायबरचा क्यूब भेगाळतो, फुगतो, पण एकसंध राहतो. फायबरचं खरं काम तडा गेल्यानंतर सुरू होतं. तड्याचे दोन्ही काठ ते टाके घातल्यासारखे धरून ठेवतं, त्यामुळे काँक्रीट एकदम न मोडता वाकत वाकत भार घेत राहतं. बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

दाबाच्या चाचणीवरून पारख करणं

घनमीटरला २० ते ४० किलो स्टील फायबर या नेहमीच्या डोसला दाब सोसण्याची ताकद फारशी बदलत नाही. फायबर जास्त झालं आणि काँक्रीट नीट दबलं नाही, तर ती उलट कमीच होते. पारख करायची ती वाकवण्याच्या चाचणीत. १५० मि.मी. चौरस छेदाच्या बीमला खाच पाडतात, ५०० मि.मी. अंतरावरच्या टेकूंवर ठेवून तो वाकवतात आणि खाचेचं तोंड ०.५ पासून ३.५ मि.मी.पर्यंत उघडत जाताना बीम किती भार धरून ठेवतो ते मोजतात. तडा गेल्यानंतर उरलेली ही ताकद कामाच्या कागदपत्रांत लिहून घ्या. नुसतं 'घनमीटरला इतके किलो' लिहिलं, तर कोणतंही फायबर त्यात बसतं.

सगळे फायबर सारखेच समजणं

पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक केसासारख्या फायबरची ९०० ग्रॅमची पिशवी टाकून स्लॅबची जाळी काढून टाकणं ही मला सर्वांत धोकादायक चूक वाटते. हे फायबर पहिल्या काही तासांत उपयोगी पडतं. तेव्हा काँक्रीट कच्चं असतं, पृष्ठभाग भराभर वाळत असतो आणि त्या आकसण्याच्या भेगा ते आवरतं. काँक्रीट पक्कं झालं की त्याची ताठरता २५ ते ३५ गिगापास्कल होते, पॉलिप्रॉपिलीनची मात्र ३ ते ५ च्या आसपासच राहते. एवढ्या मऊ आणि एवढ्या थोड्या धाग्याकडून सळईचं काम होणार नाही.

त्याचा दुसरा गुण मात्र खरा आहे. आग लागली की साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला ते वितळतं, आणि मागे राहिलेल्या बारीक वाटांमधून आतली वाफ बाहेर पडते. १९९६ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सला समुद्राखालून जोडणाऱ्या चॅनल टनेलमध्ये लागलेल्या आगीत बोगद्याच्या अस्तराचं काँक्रीट थराथरानं उडालं होतं. तसं होऊ नये म्हणून बोगद्यांच्या काँक्रीटमध्ये हे फायबर घालतात.

काचेचं फायबर घेत असाल तर झिरकोनिया असलेलं, अल्कलीला टिकणारंच घ्या. साधी काच सिमेंटच्या अल्कलीत झिजते. काथ्या आणि घायपाताचे धागेही त्यात कमजोर होतात.

मिक्सरमध्ये गोळे होणं

फायबरचे गोळे काँक्रीटच्या ओतात गेले की तिथे पोकळी राहते आणि बाकीच्या भागाला फायबर कमी पडतं. बऱ्याचदा गोळा ड्रममध्ये तयार होत नाही, तो आधीच झालेला असतो. अख्खी गोणी एकदम उपडी केलेली असते, किंवा रिकाम्या ड्रममध्ये आधी फायबर पडलेलं असतं. धाग्याची लांबी त्याच्या व्यासाच्या शंभरपटीहून जास्त असेल, किंवा खडी जास्त आणि वाळू-सिमेंट कमी असेल, तरीही गुंता होतो.

ओलं मिश्रण फिरत असताना ड्रम वेगात ठेवा, फायबर पसरून हळूहळू सोडा आणि त्यानंतर चार-पाच मिनिटं पूर्ण वेगानं फिरवा. गोंदानं चिकटवलेल्या पट्ट्यांचं स्टील फायबर यात बरंच सोपं जातं. गोळे दिसलेच तर ते मिक्सरच्या घसरगुंडीवरच हातमोजे घालून काढा.

स्लम्प उतरला म्हणून पाणी टाकणं

स्लम्प म्हणजे ओलं काँक्रीट साच्यातून काढल्यावर किती खाली बसतं त्याचं माप. फायबरमुळे काँक्रीट उभ्या जागी घट्ट दिसतं, पण व्हायब्रेटर लावला की वाहतं. त्यामुळे स्लम्पचा आकडा इथे फसवतो. गरज असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन, वाढवा. पाण्यानं सिमेंटची पकड सैल होते, आणि फायबरची सगळी मदार त्या पकडीवर आहे.

ही पकड कशी आहे ते मोडलेल्या बीमच्या तोंडावर वाचता येतं. आकड्याच्या, म्हणजे हुकासारख्या वाकवलेल्या, टोकाची फायबरची तार बाहेर ओढली गेली असेल आणि आकडा सरळ झाला असेल, तर उत्तम. सरळ होण्यातच तिनं ताण झेललेला असतो. आकडा तसाच राहून तार सहज सुटली असेल, तर काँक्रीट कमकुवत आहे. तारा तुटलेल्या दिसल्या, तर काँक्रीट तारेच्या मानानं फार मजबूत झालंय. अशा वेळी जास्त ताणशक्तीची तार घ्यावी लागते. नाहीतर बीम पुन्हा साध्या काँक्रीटसारखा फटकन मोडतो.

ओतताना आणि नंतर

सुईचा व्हायब्रेटर एकाच जागी धरून ठेवला की तो काढल्यावर तिथला खड्डा बिनफायबरच्या काँक्रीटनं भरतो. फरशीला पृष्ठभागावर चालणारा व्हायब्रेटर बरा. फायबर आहे म्हणून क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) आणि फरशीत कापायचे सांधे सोडू नका. सांधा फार लवकर कापला तर पातं फायबर ओढून कडा उसकटतं. उशीर केला तर तडा आपली वाट आपण शोधतो.

आणि डोसबद्दल शंका आली तर वाद घालत बसू नका. मिक्सर गाडीतून येणारं सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं ओलं काँक्रीट मोजून घ्या, धुवा, चुंबकानं स्टील फायबर गोळा करा आणि वाळवून तोला. तिन्ही वजनांत मोठा फरक आला, तर चूक मिसळण्यात आहे.