सोलापूरचा हेल ठेवून इंग्रजी स्पष्ट कसे बोलावे

टॉवेल आणि चादरींच्या व्यवसायात परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलण्याचे काम मी बरीच वर्षे केले आणि आता संध्याकाळी नोकरदार तरुणांना इंग्रजी बोलायला शिकवतो. येणाऱ्यांपैकी कोणी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा असतो, कोणाच्या घरी कन्नड असते, कोणाच्या मराठी, कोणाच्या उर्दू, मागणी मात्र बहुतेकांची एकच असते : "सर, माझा ॲक्सेंट घालवायचा आहे." त्यांना मी आधी हे सांगतो की, बोलण्याला हेल असणे वेगळे आणि बोललेले न समजणे वेगळे. कॅनडातील मन्रो आणि डर्विंग या अभ्यासकांनी १९९५ साली हे प्रयोगातून दाखवले. ज्या वाक्यांची धाटणी ऐकणाऱ्यांना फार परकी वाटली, त्यांतलीही कितीतरी वाक्ये त्यांनी ऐकून शब्दन्‌शब्द बरोबर लिहून काढली होती. शिवाय प्रौढ वयात मातृभाषेची छाप पूर्णपणे पुसली जाणे क्वचितच घडते. म्हणून हेल मुळापासून उपटण्याच्या मागे न लागता, ऐकणारा ज्या चार-पाच जागी अडखळतो तेवढ्याच जागा दुरुस्त कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या जागा स्वतःच्या कानाला सापडत नाहीत, कारण आपल्याला काय म्हणायचे आहे हे आपल्याला आधीच माहीत असते. आपल्या कामाशी संबंधित दहा इंग्रजी वाक्ये फोनवर ध्वनिमुद्रित करावीत आणि ती ज्याने वाचलेली नाहीत अशा माणसाला ऐकवून, त्याला जे ऐकू आले ते कागदावर लिहायला सांगावे. ऐकणारा आपल्या गावचा नसेल तर उत्तम, कारण सोलापूरकराला सोलापूरकराचे इंग्रजी समजतेच. असा माणूस न मिळाल्यास फोनमधील व्हॉइस टायपिंग वापरावे. मात्र तेथे सुटे शब्द बोलावेत, कारण पूर्ण वाक्य बोलल्यास फोन मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधतो आणि आपली चूक झाकली जाते.

बहुतेकांच्या कागदावर पहिली चूक निघते ती 'व' आणि 'व्ह' यांची. लिहिताना आपण हा भेद पाळतो, 'वॉटर' आणि 'व्हॅन' असे वेगळे लिहितो. पण बोलताना एक तर दोन्हीकडे 'विहिरी'तला व येतो, नाही तर 'व्ह'मध्ये खरोखरीचा ह मिसळतो. इंग्रजीतील पहिल्या ध्वनीत दातांचा ओठाला स्पर्शही होत नाही. 'उ' म्हणताना होतात तसे ओठ गोल करून तेथून पुढे सरकायचे असते. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घशातून गुणगुण चालू ठेवायची असते आणि ह अजिबात येऊ द्यायचा नसतो. विणकरांच्या शहराला याच्या सरावासाठी बाहेरचे शब्द शोधायला नकोत. ताण्याला वॉर्प, बाण्याला वेफ्ट, विणण्याला वीव्ह, वाया गेलेल्या सुताला वेस्ट आणि मखमली पृष्ठभागाच्या टॉवेलला व्हेलूर म्हणतात. 'वीव्ह' हा एकच शब्द आरशासमोर रोज वीस वेळा म्हणावा : सुरुवातीला आरशात गोल ओठ दिसले पाहिजेत आणि शेवटी ओठावर टेकलेले दात.

दुसरी जागा म्हणजे शब्दारंभीचे प, ट आणि क. इंग्रजीत जोर असलेल्या अक्षराच्या आरंभी हे ध्वनी श्वासाच्या हलक्या झोताबरोबर सुटतात. तो झोत आपल्या प-मध्ये नसल्यामुळे इंग्रजाच्या कानाला 'पॅक'चा 'बॅक' आणि 'कोट'चा 'गोट' वाटू शकतो, आणि टॉवेलच्या 'पाइल'चे, म्हणजे त्यावरील उभ्या फासांचे, 'बाइल' म्हणजे पित्त होऊन बसते. तोंडासमोर चार बोटांवर कागदाची पातळ पट्टी धरून 'पाइल' म्हणावे. पट्टी हलली तर उच्चार साधला. ख आणि ठ हे महाप्राण वर्ण आपल्या वर्णमालेत आहेतच, त्यामुळे हे आपल्याला इतर अनेक भाषकांपेक्षा सोपे जाते. फक्त पूर्ण ख न म्हणता क आणि ख यांच्या मधे थांबायचे. 'स'नंतर मात्र हा झोत येत नाही. 'स्पिन'मधील प आपल्या प-सारखाच असतो.

स्वरांबाबत एकच सांगतो. बेडशीट विकणाऱ्यांनी 'शीट'मधील ई लांबवलाच पाहिजे, कारण तो आखूड आणि सैल झाला की चारचौघांत उच्चारू नये असा शब्द तयार होतो.

खरी मेहनत आघातावर घ्यावी लागते. आपल्या बोलण्यात अक्षरे यंत्रमागाच्या खटक्यासारखी साधारण समान वजनाने पडतात. इंग्रजीत शब्दातील एका अक्षराचा स्वर लांब, ठळक आणि थोडा चढा होतो, तर शेजारची अक्षरे आकसतात. ऐकणारा त्या चढ्या अक्षरावरूनच शब्द ओळखत असतो. हॉटेल, डेव्हलप, कमिटी, सर्टिफिकेट, डिलिव्हरी या सर्वांत आघात दुसऱ्या अक्षरावर आहे; आपण तो सवयीने पहिल्यावर देतो. 'इन्व्हॉइस'मध्ये तो पहिल्यावर असतो. 'एक्स्पोर्ट' नाम असेल तर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. शब्दकोशात आघात असलेल्या अक्षराच्या आधी वर एक उभी रेघ असते आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज यांच्या ऑनलाइन कोशांत उच्चार ऐकताही येतो. आपल्या कामातले पन्नास शब्द वहीत देवनागरीत उतरवून आघाताचे अक्षर अधोरेखित करावे आणि ते अक्षर येताच टेबलावर टिचकी मारत शब्द म्हणावेत. महिनाभरात कानाला फरक जाणवू लागतो.

पूर्व भागातील काही विद्यार्थ्यांच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटी बारीक उ येतो, 'बस'चे 'बस्सु' होते. तो तेवढा काढावा, कारण त्याने जास्तीचे अक्षर तयार होते. ट आणि ड टाळूकडे जीभ वळवून उच्चारणे, र स्पष्ट वाजवणे, 'थिन'मध्ये आपला थ म्हणणे, हे सगळे खुशाल राहू द्यावे. जेनिफर जेंकिन्स या भाषाभ्यासिकेने २००० साली मांडलेल्या यादीत, निरनिराळ्या मातृभाषांची माणसे आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यासाठी आवश्यक अशा ध्वनींत हा 'थ' नाही. स्वरांची लांबी आणि शब्दारंभीचा श्वासाचा झोत मात्र आहे. अमेरिकी धाटणीची उसनी नक्कल करून र चघळू नये. ती दोन वाक्ये टिकते, तिसऱ्या वाक्यात सुटते आणि ऐकणाऱ्याचा कान तोपर्यंत लावलेली सवय गमावून बसतो.

आकड्यांच्या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव कटू आहे. सुरुवातीच्या काळात मी फोनवर 'फिफ्टीन कार्टन्स' म्हणालो आणि समोरच्याने पन्नास लिहून घेतले. ती गफलत निस्तरायला पुष्कळ पत्रव्यवहार करावा लागला. 'फिफ्टीन' सुटा म्हणताना आघात शेवटच्या लांब 'टीन'वर असतो, पण पुढे नाम आले की तो बहुधा पहिल्या अक्षराकडे सरकतो आणि 'फिफ्टी'शी गोंधळ होतो. म्हणून तेरापासून एकोणिसापर्यंतचा प्रत्येक आकडा मी आजही दोनदा सांगतो : "फिफ्टीन, वन-फाइव्ह." शब्दांच्या बाबतीतही हाच मार्ग चालतो. समोरच्याला एखादा शब्द कळला नाही तर तोच शब्द तसाच मोठ्याने पुन्हा म्हणू नये. क्षणभर थांबून आघाताचे अक्षर लांबवून म्हणावा, तरीही न कळल्यास दुसरा शब्द वापरावा, आणि नाव किंवा मालाचा क्रमांक असेल तर एकेक अक्षर सुटे करून सांगावे.